वाळूची टेकडी : प्रतिकृती आणि प्रतिमान

इंग्रजीतील ‘मॉडेल’ ह्या एका शब्दासाठी मराठीत निदान तीन शब्द प्रचारात आहेत : नमुना, प्रतिकृती व प्रतिमान. व्यवहारात ते एकमेकांच्या जागी सर्रास योजिले जातात आणि त्यामुळे फारसे काही बिघडत नाही, असा आपला समज असतो. प्रस्तुत लेखकाचाही तसाच समज होता. तो ढळला तो एखाद्या भाषाशास्त्रीय ग्रंथाच्या वाचनाने नव्हे, तर एका शाळेच्या विज्ञानप्रदर्शनात मांडलेल्या ओंजळभर वाळूमुळे.

नाशिक जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यात, सप्तशृंगगडाच्या वाटेवर वणी हे गाव आहे. तेथील एका माध्यमिक शाळेने प्रदर्शनातील फलकांची भाषा तपासून देण्यासाठी प्रस्तुत लेखकास डिसेंबर महिन्यात बोलाविले होते. फलक तपासता तपासता एका मेजापाशी थांबणे झाले. मेजावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर प्लास्टरची चंद्रकोरीच्या आकाराची टेकडी, तिच्यावर डिंकाने चिकटविलेली वाळू आणि शेजारी रंगविलेला एक उंट. फलकावर ठळक अक्षरांत ‘बारखाण’. मेजामागे उभ्या असलेल्या नववीतील विद्यार्थिनीने व्याख्या न अडखळता म्हणून दाखविली. ‘बारखाण’ हा शब्द कोठून आला असावा, असे विचारताच ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “सर, तिथे आधी बारा खाणी असतील. त्यांतली वाळू वाऱ्यानं बाहेर आली असेल.”

हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. अपरिचित शब्द परिचित घटकांत तोडून त्याला अर्थ लावणे ही लोकव्युत्पत्तीची नेहमीची रीत होय, आणि त्या मुलीने ती भाषाशास्त्राच्या दृष्टीने निर्दोषपणे पार पाडली होती. दोष शब्दाकडे होता. ‘बारखाण’ हा मध्य आशियातील तुर्की भाषांमधील शब्द आहे. फॉन मिडेनडॉर्फ ह्या रशियन निसर्गशास्त्रज्ञाने तो १८८१ साली शास्त्रीय लेखनात आणला, आणि तेथून तो जगभरच्या भूगोलग्रंथांत पसरला. मराठीत येताना त्याच्या अखेरीस ‘न’ऐवजी ‘ण’ आला, आणि त्या एका वर्णामुळे त्यात ‘खाण’ दिसू लागली. लांबट टेकड्यांचे नाव ‘सैफ’ हे अरबी असून त्याचा अर्थ तलवार. वाळूच्या टेकडीची तलवारीसारखी वळणदार धार पाहिलेल्या माणसाला ते नाव आपोआप सुचावे. आमच्या विद्यार्थ्यास मात्र ते केवळ पाठ करावे लागते.

तथापि परके शब्द हे तितकेसे घातक नसतात. ते परके आहेत हे निदान कळते. अधिक फसवे ते घरचे शब्द. ‘वाळवंट’ हा शब्द घ्या. भूगोलाच्या पुस्तकात त्याचा अर्थ मरुभूमी. परंतु ज्याच्या घरी पंढरीची वारी आहे त्याच्या कानांत वाळवंट म्हणजे चंद्रभागेचे वाळवंट, म्हणजे नदीने आणून पसरलेली, पाण्याच्या कडेची, माणसांनी गजबजलेली वाळू. त्याच शब्दाने निर्जल व निर्मनुष्य प्रदेश सुचवावयाचा म्हणजे अर्थाचे जवळजवळ दुसरे टोक गाठणे होय. ‘टेकडी’ ह्या शब्दाची गोष्ट तर ह्याहून सूक्ष्म आहे. वणीच्या परिसरातील टेकड्या सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांतून कोरून निघालेल्या आहेत. भोवतालचा खडक झिजून गेला आणि उरले ते हे डोंगर. म्हणजे वणीच्या मुलाच्या अनुभवात टेकडी ही सर्व काही वाहून गेल्यावर शिल्लक राहिलेली, जागची न हलणारी वस्तू आहे. वाळूची टेकडी ह्याच्या नेमकी उलट : ती साचून होते आणि सतत चालत असते. प्लास्टरवर डिंकाने चिकटविलेली ती वाळू म्हणजे ‘टेकडी’ ह्या शब्दाचे हुबेहूब भाषांतर होते. मुलांनी शब्द ऐकला आणि शब्दाबरहुकूम वस्तू केली.

येथे प्रतिकृती आणि प्रतिमान ह्यांतील भेद कामी येतो. प्रतिकृती वस्तूचा आकार दाखविते. तिच्यात चूक झाली तरी ती चूक करणाऱ्याच्या हाताची असते. प्रतिमान वस्तूच्या घडणीची कारणे मांडते आणि मग हात बाजूला घेते. आकार आला तर तो कारणांमुळे येतो, न आला तर आपल्या समजुतीत काही उणे आहे असे कळते. प्लास्टरची टेकडी अयशस्वी होऊच शकत नव्हती, आणि म्हणूनच ती काही शिकवू शकत नव्हती. शाळेतील विज्ञानशिक्षकांना हे पटले. प्रदर्शनास अद्याप सहा दिवस होते. फलकाची भाषा सुधारण्याचे काम तसेच राहिले आणि आम्ही एक खोके करावयास घेतले.

खोके साधे होते. सुमारे सव्वा मीटर लांब, दोन वीत रुंद, एका बाजूस काच, वर झाकण. एका तोंडाशी टेबलपंखा, दुसऱ्या तोंडाशी वाळू अडावी पण वारा जावा म्हणून जुन्या मलमलीचा पडदा. पंख्याची हवा भोवऱ्यासारखी फिरत येते; ती सरळ करण्यासाठी पंखा व वाळू ह्यांच्या दरम्यान शीतपेयाच्या नळ्यांची जुडी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी आडवी रचून बसविली. ही जुडी अनेक शाळांतून वगळली जाते, आणि मग वाळूवर उमटते ती वाऱ्याची नव्हे तर पंख्याच्या पात्यांची आकृती. वाळूचा प्रश्न मात्र अनपेक्षितपणे अवघड निघाला. हल्ली बांधकामावर नदीची वाळू क्वचितच दिसते. सर्वत्र खडीकेंद्रावरील कच वापरतात. तिचे कण कोनदार असतात आणि तिच्यात धूळ फार. शेवटी ओढ्यातील वाळू आणून ती धुतली, दोन दिवस उन्हात वाळविली आणि रव्याच्या चाळणीने चाळली. बसाल्टच्या मुलखातील ही काळपट वाळू पसरून तिच्यावरून लोहचुंबक फिरविला की त्याला बारीक काळे कण मिशांसारखे चिकटतात. तो मॅग्नेटाइट होय. मुलांचा अर्धा तास ह्यातच गेला आणि तो वाया गेला असे म्हणता येणार नाही.

पहिला प्रयोग फसला. वाळू वरून कोरडी व आतून दमट होती; पंखा पूर्ण वेगाने लावूनही एक कण हलला नाही. कोकणच्या किनाऱ्यावर भर पावसात सोसाट्याचा वारा असूनही वाळू का उडत नाही, आणि उन्हाळ्यात दुपारच्या साध्या समुद्रवाऱ्यातही ती का सरकते, ह्याचे कारण तेथेच मिळाले. दुसऱ्या प्रयोगात पंखा फार जवळ होता. समोर खळगा पडला, पडद्यापाशी ढीग झाला आणि मुलांनी “टेकडी झाली!” म्हणून टाळ्या वाजविल्या. ती टेकडी नव्हती; तो केवळ भिंतीने अडविलेला ढीग होता.

ढीग आणि वाऱ्याने घडविलेली टेकडी ह्यांतील फरक कंपासपेटीतील कोनमापकाने मोजता येतो, आणि तो प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः मोजावा असे आमचे मत आहे. नरसाळ्यातून कोरडी वाळू संथपणे ओतली तर शंकू तयार होतो. त्याचा उतार सर्व बाजूंनी सारखा, ३२ ते ३५ अंशांचा येतो. अधिक वाळू ओतली तर शंकू मोठा होतो, कोन बदलत नाही; जादा वाळू घसरून जाते. वाऱ्याच्या टेकडीचा हाच कोन फक्त एका बाजूस असतो. वारा जिकडून येतो तिकडील उतार बहुधा १५ अंशांहून कमी असतो. त्यावरून कण वर चढतात, माथ्यावरून पलीकडे पडतात आणि पलीकडील बाजू भरत भरत त्या ठराविक कोनास पोचली की घसरते. एका बाजूने झिजणे आणि दुसऱ्या बाजूस भरणे, हेच टेकडीचे चालणे होय. पाठ्यपुस्तके ह्या दोन बाजूंना ‘वाताभिमुख’ व ‘वातविन्मुख’ म्हणतात. दोन्ही शब्द व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहेत, पण परीक्षेत हमखास उलटे लिहिले जातात, कारण त्यांतील भेद ऐकण्याचा आहे, पाहण्याचा नाही. वणीच्या मुलांनी आपण होऊन ‘वाऱ्याची बाजू’ आणि ‘आडोशाची बाजू’ असे शब्द वापरले. आडोसा हा शब्द शेतकऱ्याच्या, गुराख्याच्या रोजच्या वापरातील. तो का चालू नये?

तिसऱ्या प्रयोगात पंखा मागे घेतला, वाळू पूर्ण वाळली होती, आणि काचेतून खरी गंमत दिसू लागली. वाळू वाऱ्याने ‘उडते’ असे आपण म्हणतो. हे अर्धेच खरे आहे. ब्रिटिश सैन्यातील अभियंता राल्फ बॅग्नोल्ड ह्याने १९२० नंतरच्या दशकात मोटारींतून लीबियाचे वाळवंट पालथे घातले, पुढे लंडनमध्ये वातबोगदा बांधून प्रयोग केले आणि १९४१ साली आपला प्रसिद्ध ग्रंथ काढला. त्याने दाखविले की, वाळूचे बहुतेक कण उड्या मारीत जातात. एक कण वर उसळतो, वाऱ्याने पुढे ढकलला जातो, तिरपा खाली आदळतो आणि आदळताना दुसऱ्या कणांना उडवितो. वाऱ्याबरोबर जाणाऱ्या वाळूपैकी सुमारे तीन चतुर्थांश अशी उड्यांनी जाते. उरलेली भरड वाळू ह्या आघातांनी नुसती सरपटते. हवेत तरंगत दूर जाते ती वाळू नव्हेच, ती धूळ. रांगोळीची बारीक पूड, चाळलेली वाळू आणि भरड वाळू ह्यांच्या तीन चिमटी शेजारी शेजारी ठेवून पंखा लावला की तिन्ही गती एकाच वेळी दिसतात. (पूड अगदी चिमूटभरच घ्यावी, नाकावर रुमाल व डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय कोणासही खोक्याजवळ उभे करू नये.) तरंगण्याच्या ह्या गतीस परिभाषेत ‘निलंबन’ म्हणतात; त्या शब्दाने मराठी वाचकास आधी सरकारी नोकर आठवतो, ह्याला इलाज नाही.

दहा मिनिटांत वाळूवर वाऱ्याला आडव्या अशा बारीक लाटा उमटल्या आणि हळूहळू पुढे सरकू लागल्या. पुस्तकातील ‘ऊर्मिचिन्हे’ ती हीच. शब्द सुंदर आहे, पण ‘चिन्ह’ म्हटले की ठसा डोळ्यांपुढे येतो, आणि ठसा चालत नाही. मध्ये ठेवलेल्या खड्यामागे, आडोशाला, वाळूची निमुळती शेपटी साचली. झाडूच्या काड्यांचे विरळ कुंपण रोवले तर त्याच्या दोन्ही अंगांस वाळू धरली गेली. कोकणात किनाऱ्यावर सुरूची झाडे लावतात ती ह्याच तत्त्वावर, आणि तेथे आपोआप वाढणारी जांभळ्या फुलांची मर्यादवेल हेच काम जमिनीसरपट करते. येथे भाषेचे एक वैशिष्ट्य नोंदविण्यासारखे आहे. देशावरच्या मराठीत वाळूच्या टेकडीला स्वतंत्र नाव नाही, पण किनाऱ्यावरच्या मराठीत वाळूच्या पट्ट्याला ‘पुळण’ हे नाव आहे आणि वाळूला व समुद्राला हद्द घालणाऱ्या वेलीला तिच्या कार्यावरून नाव मिळाले आहे.

लाटा झाल्या, शेपट्या झाल्या. चंद्रकोर मात्र काही केल्या होईना. मुलांनी वाळू वाढविली, पंख्याचा वेग बदलला, एक मूठभर ढीग मध्यभागी ठेवून पाहिला. तो ढीग पसरत पसरत नाहीसा झाला. विज्ञानशिक्षक काहीसे खट्टू झाले. वास्तविक प्रतिमानाने आपले सर्वांत मोलाचे काम ह्याच ठिकाणी केले होते. वारा ढिगावर चढला की तो ताबडतोब वाळूने पुरता भरत नाही. कण उचलून त्यांना वेग देण्यास त्याला काही अंतर धावावे लागते, आणि ते अंतर कण हा वाहणाऱ्या द्रव्याच्या किती पट जड आहे ह्यावर अवलंबून असते. वाळूचा कण हवेच्या सुमारे दोन हजार पट जड आहे. त्या अंतराहून ढीग आखूड असेल तर वारा माथा ओलांडेपर्यंत नुसते उचलीतच राहतो, टाकीत नाही. ढीग वाढण्याऐवजी झिजतो. म्हणून निसर्गात वाऱ्याने झालेली लहानात लहान बारखाणसुद्धा सुमारे १० मीटर लांब असते. सव्वा मीटरच्या खोक्यात ती होणे शक्य नव्हते. किती शाळांच्या फलकांवर पंख्यापुढील चिमुकल्या ढिगास बारखाण हे नाव दिले जात असेल!

ह्यातून सुटण्याचा मार्ग पॅरिस येथील एर्सेन, दुआदी व आंद्रेओत्ती ह्या संशोधकांनी २००२ साली दाखविला आहे, आणि तो ऐकताना प्रथम विपरीत वाटतो : वाळवंटातील टेकडी पाण्याखाली करावी. वाळूचा कण पाण्याच्या अवघा २.६५ पट जड. त्यामुळे ते आवश्यक अंतर मीटरांवरून सेंटिमीटरांच्या आत येते आणि वीतभर जागेत खरीखुरी चंद्रकोर घडते. पाणी वाहते ठेवण्याचीही गरज नाही. मोठ्या टबात पाणी भरून त्यात एक सपाट पत्रा बुडवावा, त्यावर बारीक वाळूची लहानशी रास ठेवावी, आणि दोऱ्या बांधून पत्रा एका दिशेस झटक्याने व उलट दिशेस अगदी सावकाश ओढावा. झटक्याच्या वेळी पाण्याचा ओघ कणांना हलवितो. सावकाश परतताना कण जागचे हलत नाहीत. म्हणजे वाळूच्या दृष्टीने पाणी एकाच दिशेने वाहत असते.

वणीस हे करावयास दोन संध्याकाळी लागल्या. पत्रा तिरका झाला, दोरी अडकली, एकदा सगळी रास टबाच्या तळाशी गेली. दुसऱ्या दिवशी काही शे झटक्यांनंतर गोल राशीच्या दोन्ही कडा मध्यापेक्षा पुढे जाऊ लागल्या. कारण सरळ आहे. कडेस वाळू कमी उंच असते. कमी उंचीच्या भागाची आडोशाची बाजू भरून पुढे सरकावयास वाळू कमी लागते. म्हणून कडा लवकर चालतात आणि मध्य मागे रेंगाळतो. ह्याच न्यायाने वाळवंटात लहान बारखाण मोठीपेक्षा वेगाने चालते व तिला मागून गाठते. शिंगे प्रवाहाच्या दिशेने पुढे झुकली, आणि ज्या मुलीने बारा खाणींची व्युत्पत्ती सांगितली होती तिने विचारले, “सर, मग कोकणातली टेकडी वाऱ्यानं झाली की पाण्यानं, हे कसं कळणार?”

तिने हा प्रश्न सहज विचारला असावा, पण महाराष्ट्रात तो प्रत्यक्ष वादाचा विषय होऊन गेला आहे. रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यात केळशी येथे, भारजा नदीच्या मुखाशी, १५ मीटरांहून अधिक उंचीची वाळूची एक टेकडी आहे. तिच्या थरांत खापरे, कोळसा, शिंपले आणि बहामनी काळातील नाणी मिळाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील अशोक मराठे ह्यांनी तिचा दीर्घकाळ अभ्यास करून असे मत मांडले की, ही टेकडी वाऱ्याने हळूहळू रचलेली नसून त्सुनामीच्या लाटांनी आणून टाकलेली आहे. आणि त्यांनी तिचा संबंध १५२४ सालाशी जोडला. त्या वर्षी सप्टेंबरात वास्को द गामाचा आरमारी ताफा दाभोळच्या बाजूस असता वारा नसताना समुद्र हादरल्याची नोंद पोर्तुगीज बखरकारांनी केली आहे. हे मत सर्वांना मान्य झालेले नाही. किनाऱ्यावर वाऱ्याने टेकड्या होतातच; मग ह्या टेकडीतील किती वाळू वाऱ्याची आणि किती लाटेची, हा प्रश्न उरतो.

खोक्यापुढे उभ्या असलेल्या मुलांना त्याचे उत्तर देता येणार नव्हते, पण पुरावा कसला मागावा हे सांगता येत होते. वारा निवडक आहे : धूळ तो दूर नेतो, भरड मागे ठेवतो, आणि साधारण एका मापाची वाळू आडोशाच्या उतारावर तिरप्या थरांनी रचतो. खापराचा तुकडा तो उचलू शकत नाही. जोराची लाट अशी निवड करीत नाही. ती बारीक, भरड, शिंपले, खापरे सारे एकत्र फेकते. मात्र खापरे सापडली म्हणून लाटच आली असेही नव्हे, कारण वाऱ्याच्या टेकडीवर माणसे राहिली तरी खापरे मागे राहतातच. म्हणून थर कोणत्या कोनात आहेत, कण किती एकसारखे आहेत, खापरे एका पातळीवर आहेत की विखुरलेली, हे पाहावे लागते. मुलांनी चाळणीने खोक्याच्या दोन टोकांची वाळू वेगळी चाळून पाहिली, तेव्हा पडद्याकडील वाळू अधिक बारीक निघाली. ह्या एका निरीक्षणासाठीही सहा दिवस खर्ची पडले असते तरी हरकत नव्हती.

प्रदर्शनाच्या दिवशी मेजावर तीन वस्तू होत्या. प्लास्टरची टेकडी काढून टाकू नये असा आग्रह आम्हीच धरला. तिच्यावर ‘प्रतिकृती’ असे लिहिले, उंटही राहू दिला. खोक्यावर ‘वाऱ्याने होणाऱ्या वाळूच्या लाटा व आडोशाची शेपटी’ असा फलक लागला. टबावरील फलकावरून मुलांत बराच वाद झाला. काहींच्या मते ‘चालती टेकडी’ हे नाव द्यावे. त्या मुलीचे म्हणणे पडले की, परीक्षेत ‘बारखाण’च लिहावे लागणार. शेवटी फलकावर ‘बारखाण (चालती टेकडी) : पाण्याखालील प्रतिमान’ असे लिहिले गेले, आणि तिने खाली लहान अक्षरांत स्वतः जोडले : ‘हा तुर्की शब्द आहे. खाणीशी संबंध नाही.’